गाड्याखालची जागा

नवऱ्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला त्याच दिवशी मी ओळखलं, की आता दोन्हीकडची बोलणी मलाच खावी लागणार. एकीकडून त्याची, आणि दुसरीकडून ज्यांची गेटं नि ग्रिलं आमच्या शेडमध्ये अर्धवट पडली होती त्या गिऱ्हाइकांची. मसुऱ्यात एका मंडपाची लोखंडी कमान चढवताना शिडी सरकली आणि हा खाली आला. कणकवलीच्या दवाखान्यातून परत येताना रिक्षात तो एवढंच म्हणाला, "रंग मारूक येता तुका, मगे वेल्डिंगय येतला."

मला वाटलं, दुखण्याच्या भरात बोलतोय. लग्न होऊन तोंडवलीत आले तेव्हापासून रस्त्याकडेच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी त्याच्या गेटांना लाल रंगाचा पहिला हात मारत आले होते. त्याने जोडायचं आणि मी झाकायचं, अशी आमची वाटणी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्टूल ओढलं, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने होल्डर माझ्यापुढे धरला.

शिकवणारा म्हणून माझा नवरा अगदी टाकाऊ माणूस. एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा ओरडायचं, तिसऱ्यांदा कपाळावर हात मारायचा. तोही डावा, त्यामुळे नेम चुकायचा. होल्डरमध्ये वेल्डिंगची काडी पकडायची, अर्थिंगचा चिमटा लोखंडाला लावायचा, आणि आगपेटीची काडी ओढतात तशी ती लोखंडावरून ओढून किंचित वर उचलायची, की मधल्या फटीत उजेड पेटतो. ऐकायला किती सोपं! मी ओढायचे आणि काडी तिथेच चिकटून बसायची. मशीन घुमायला लागायचं, काडी लाल व्हायची, आणि मागून सुरू.

"पीळ आनि सोड! सोड गो! काय धरून बसलंस?"

घाबरून जास्त उचलली की उजेड विझायचा. मग म्हणायचा, "जवळ धर, जवळ! काडीच्या जाडीयेवढाच अंतर. काडी झिजता ना? मगे हात खाली नको येवक?" सगळी गोम त्यातच होती. जळत जाणाऱ्या काडीच्या मागून हात सावकाश खाली आणत राहायचा आणि त्याच वेळी पुढेही न्यायचा, न थांबता नि घाई न करता. भाकरी थापताना दोन हात दोन वेगवेगळी कामं करतात, तेव्हा मला कधी प्रश्न पडला नव्हता. इथे एकाच हाताने दोन्ही करताना खांदा भरून यायचा.

एकदा तोंडावर वेल्डिंगची काळी काच धरायच्या आधीच काडी टेकली. त्या वेळी काही वाटलं नाही. संध्याकाळी मात्र डोळ्यांत मूठभर वाळू टाकून कुणी चोळतंय असं व्हायला लागलं. पापण्या उघडेनात. मी रडत होते आणि रडल्याने जास्तच झोंबत होतं. नवरा थंड पाण्याच्या घड्या बदलत शेजारी बसून राहिला. त्या दिवशी तो ओरडला नाही, म्हणून मी आणखीच घाबरले.

त्यानंतर त्याने मला बघायचं कसं ते शिकवलं. "उजेड बघू नको. उजेडाच्या मागचो रस बघ." काळ्या काचेतून बाकी सगळं नाहीसं होतं. हात दिसत नाही, शेड दिसत नाही. दिसतो फक्त वितळलेल्या लोखंडाचा एक थेंब, आणि तो हलत असतो. जोडायच्या दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळून त्या थेंबात मिसळल्या पाहिजेत. तसं झालं नाही तर रस नुसता वर लोळतो. निवल्यावर त्याची रेघ छान दिसते, वर रंग मारला तर बघणारा खूश होतो, पण आतून पकड शून्य. आणि हे बाहेरच्या कुणालाही कळत नाही. काचेआड ज्याचे डोळे होते त्यालाच काय ते ठाऊक.

म्हणून माझा प्रत्येक जोड तो पकडीत आवळून डाव्या हाताने हातोडा घालायचा. जोड टचकन सुटायचा. "वरसून बघू नको, मोडून बघ," हे त्याचं पालुपद. मी एवढ्या मेहनतीने ओढलेली रेघ हा माणूस एका घावात मोडायचा आणि तुकडा माझ्यापुढे फेकायचा. एकदा मी चिडून वायर ब्रश त्याच्या दिशेने भिरकावला. मग एका दुपारी त्याने घाव घातला, परत घातला, पट्टी वाकून दुमडली, पण जोड सुटला नाही. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "चाय कर." मी दिवसभर जमिनीवर नव्हते.

अर्धवट राहिलेली ग्रिलं मी पुरी करत आणली होती, आणि वैशाखाच्या शेवटी ते वादळ आलं.

आमच्या शेजारच्या घरात माझा धाकटा दीर राहतो. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून राबून त्याने स्वतःची फायबरची होडी केली होती. ती होडी त्याला पोटच्या पोरासारखी. मला तो "वेल्डरीण बाय" म्हणून चिडवायचा, आणि जाळं काढून आला की माझ्या वाट्याचे बांगडे निराळे ठेवायचा. इशारा आला त्या दिवशी वाडीतल्या सगळ्या होड्या वर, सुरूच्या बनात ओढायचं काम सकाळपासून चालू होतं. दिराची होडी मोठी, म्हणून ती शेवटी धरली होती.

होडी वर घ्यायला आमच्याकडे लोखंडी गाडा असतो. चॅनेलची, म्हणजे जाड लोखंडी पट्ट्यांची चौकट, खाली ॲक्सल आणि दोन चाकं. होडी त्यावर बसवायची आणि दहाबारा माणसांनी दोराने ओढायची. वाळूचा चढ खडा आहे. प्रत्येक ओढीनंतर माणसं दम घेतात तेव्हा गाडा मागे घसरू नये म्हणून चाकामागे लाकडाची उटी लावावी लागते, आणि तीही आतल्या बाजूने, होडीच्या पोटाखाली शिरून. वाडीची रीत अशी, की ज्याची होडी असेल त्यानेच उटी घेऊन खाली जायचं. दुसऱ्याला तिथे कुणी पाठवत नाही, आणि मालकही दुसऱ्याला जाऊ देत नाही.

दुपारी दीर धावत शेडमध्ये आला. छाती भात्यासारखी चालली होती.

"वयनी, चल बेगीन. मशीन घे. गाड्याचो कान फुटलो. होडी अर्ध्यार अडाकली."

कान म्हणजे ॲक्सलला चौकटीशी धरून ठेवणारा लोखंडी तुकडा. तो तडकल्यावर गाडा एका अंगाला कलला होता. नवऱ्याने गावात दोघातिघांना फोन लावले. ज्यांना वेल्डिंग येतं ते सगळे मालवण बंदरावर अडकलेले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि आम्ही निघालो.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा समुद्राचा रंगच बदललेला होता. वारा अजून सुसह्य होता, पण भरती चढत होती, आणि एकेक लाट आधीच्या लाटेपेक्षा वर येत होती. होडी चढ संपायच्या जरा खाली कललेली. खाली ओंडके खुपसून ती कशीबशी सावरली होती. जवळच्या पर्यटकांच्या निवासातून वायर ओढून मशीनला जोडली. नवऱ्याने माझ्या पायाखाली जाड फळी टाकली, गमबूट तपासले, हातमोजे सुके आहेत का ते स्वतः चाचपलं.

"आयक," तो म्हणाला. "पाणी फळीक लागला की मशीन बंद. होडी ऱ्हवली काय गेली, बंद. ओल्यात करंट कोणाक वळखणा नाय."

दोघांनी ताडपत्री धरून वारा अडवला. मी खरवडायला बसले. आमच्या किनाऱ्यावर लोखंडावर डांबर फासलं की माणूस निश्चिंत होतो. दिराने दरवर्षी मनोभावे डांबर फासलं होतं, आधीच्या थरावर पुढचा, कधी न खरवडता. खाऱ्या पाण्याचा ओलावा आत तसाच कोंडून राहिलेला. मी खरवडायची पत्री लावली तसे डांबराबरोबर गंजाचे पापुद्रेही निघायला लागले. एक काढला की खाली दुसरा. लोखंड कधी लागेल याची मी वाट बघत होते. लागलं तेव्हा ते बोटाने वाकेल इतकं पातळ होतं.

"वरसून पट्टी मार," नवरा म्हणाला. "एक बाजू चॅनेलार, एक कानार."

चॅनेल चांगला होता. तिथे रस नीट शिरला, कडा मिसळल्या, मला काचेतून स्वच्छ दिसलं. मग मी कानाकडे आले. काडी टेकली आणि भोक पडलं. करंट कमी केला. आता भोक पडेना, पण रस आत जाईना. गंजावर तो नुसता लोळत होता. मी काडी बदलली, कोन बदलला, हात जवळ नेला, लांब नेला. करंट वाढवला की भोक, कमी केला की लोळण. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला काच बाजूला करता येत नव्हती. पलीकडे लाट फुटायची, ताडपत्री धरणारे "बेगीन, बेगीन" करत होते. भोकाच्या कडेने मी रेघ पुरी केली, काच काढली आणि हातोडीने वरची राखट खपली उडवली.

रेघ सुरेख आली होती. शेडमध्ये मी घातलेल्या कुठल्याही रेघेपेक्षा सरळ. कुणीतरी मागून "वा रे वयनी!" म्हणालं. माणसं दोराकडे धावली. दिराने उटी काखेत मारली आणि होडीखाली शिरायला वाकला.

एवढ्या माणसांनी वाखाणलेलं काम खोटं आहे हे फक्त मला माहीत होतं.

"थांबा," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. मग किंचाळलेच. "थांबा! धरूक नाय ता!"

दीर अर्धवट वाकलेला तसाच वळला. "बरा तर दिसता!"

"दिसता. आत शिरूक नाय. माका काचेतसून दिसला." मी हातोडी उचलली. "मारून बघतंय, मगे सांगा."

"मारू नको!" नवरा ओरडला. "सुटला तर होडी अंगार येतली."

खरं होतं ते. शेडमधला हातोडा इथे चालवता येत नव्हता. मोडून बघायचं तर मोडलेलं आमच्याच अंगावर येणार. आणि न मोडता माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

"चार हात वडूची ऱ्हवली हा," दीर म्हणाला. "तेवढ्याक धरतला."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पट्टीकडे बघत होता. त्यालाही वरूनच दिसत होतं, आणि वरून ती छानच होती. "चार हात धरीत कदाचित," तो पुटपुटला.

मला तेव्हा त्याचा जो राग आला तो आजही आठवला तरी कानशिलं तापतात. "तुमी जातलात काय खाली?" मी विचारलं.

तो वळून लाटांकडे बघायला लागला.

लाटेचा फेस फळीच्या टोकाला येऊन परत गेला. मी मशीन बंद केलं, वर निवासाकडे हात करून वायर काढायला लावली आणि वायर सुटल्याचं दिसल्यावर फळीवरून उतरले. दीर जिथून आत शिरणार होता तिथे, चाकाला पाठ लावून, सरळ वाळूत बसले. दुसरं काही सुचलं नाही. होडी कलली असती तर मीही खाली आले असते, हे मला बसल्यावर लक्षात आलं. पण आता उठले असते तर तो आत गेला असता.

वाडीतली सगळी माणसं दोर हातात धरून उभी. भावजयीला हात लावून बाजूला ओढणार कोण? दीर माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"वयनी, ऊठ. पाया पडतंय तुझ्या." त्याचे डोळे भरले होते. मी उठले नाही. मग तो भडकला. "काय कळता तुका? महिनो नाय झालो होल्डर धरून! माझी होडी जातली ती बघतलंस काय बसान?"

"बघतलंय," मी म्हटलं.

असं कसं बोलले मी? पण मऊ काही बोलले असते तर मी वितळले असते, हेही तितकंच खरं. पुढची लाट माझ्या मांडीपर्यंत आली. पाठीमागे लोखंड करकरलं. मी डोळे मिटून घेतले.

"इंजिन उतरवा," नवऱ्याचा आवाज आला. "जाळी काढा. दोर सुरूंका बांधा. सोडा ता वडूचा."

माणसं हलली. इंजिन खाली आलं, जाळी वर गेली, होडीला दोन्ही बाजूंनी दोर पडले. नवऱ्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि मला खेचून बाजूला केलं. दीर सगळ्यात शेवटी वर आला. येताना त्याने होडीच्या कडेवरून हात फिरवला. ते बघून मला वाटलं, परत जावं आणि सांगावं, ओढा.

संध्याकाळपर्यंत लाटा होडीच्या वरून जायला लागल्या. पाणी ओसरल्यावर होडी दोरांना लटकून आडवी सापडली, एक कूस फाटलेली. गाडा वाळूने गिळला. मी कितीतरी वेळ काठीने टोचत तिथे फिरले. मला तो कान हवा होता. माझी पट्टी त्यावर अजून आहे की सुटली, एवढंच बघायचं होतं. मिळाला नाही. वाडीत व्हायची ती चर्चा झाली. बायल माणूस भियाला, चार हातांसाठी होडी घालवली. कुणी तोंडावर म्हणायचं नाही, पण मी विहिरीवर गेले की बोलणं थांबायचं. दीर माझ्याशी बोलेनासा झाला. बांगडे यायचे बंद झाले, अर्थात होडीच नव्हती तर बांगडे कुठले.

सगळ्यात वाईट हे, की माझं मलाच नक्की सांगता येईना. पट्टी धरून राहिली असती तर? मी नवखी, घाबरलेली, घामाने डोळे भरलेले. मला दिसलं तेच खरं कशावरून? पावसाळाभर मी शेडमध्ये गंजके तुकडे जोडायचे आणि स्वतःच हातोडा घालून मोडायचे. काही सुटायचे. काही धरायचे. त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं.

श्रावणात दीर टेम्पोतून नवीन चॅनेल घेऊन आला. फाटलेल्या कुशीला फायबरचं कापड चढवून झालं होतं, आता गाडा हवा होता. नवऱ्याचं प्लास्टर कधीच निघालं होतं. त्याने होल्डर उचलला.

"दादा, तू रव," दीर म्हणाला. "वयनीक मारूंदे."

"कित्याक? हात बरो झालो माझो."

"हात बरो आसा. पण तुका माका नाय म्हणूक जमणा नाय."

नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. तो होल्डर माझ्याकडे देऊन बाहेर गेला आणि बराच वेळ बाहेरच उभा राहिला. दीर माझ्याकडे न बघता चॅनेल उतरवत होता. मी तो गाडा जोडला. प्रत्येक रेघ काचेतून डोळ्यांत तेल घालून पाहिली, शंका आली तिथे ग्राइंडर लावून काढून टाकली आणि पुन्हा भरली.

हंगाम सुरू झाल्यावर पहिल्यांदा होडी वर घ्यायची होती त्या दिवशी मीही दोराला हात लावला. समुद्र शांत होता, घाई कुणालाच नव्हती. पहिली ओढ झाली. दिराने उटी काखेत घेतली. मला वाटलं, तो एकदा थांबेल, माझ्याकडे बघेल, विचारेल. त्याने काही विचारलं नाही. वाकला आणि होडीखाली शिरला, नुसते तळवे बाहेर राहिले.

वरचं सगळं वजन मी ओढलेल्या रेघांवर होतं, आणि त्याखाली तो होता. दोर तळव्यांत रुतत होता. "वडा!" खालून आवाज आला. आम्ही ओढलं. परत उटी, परत ओढ. गाडा वर चढत राहिला.

सुरूंच्या सावलीत होडी थांबली तेव्हा तो बाहेर आला. पाठभर वाळू, दात काढून हसत. "काय गो, अशी काय बघतंस?" म्हणाला. वादळानंतर तो माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलत होता. मी त्याच्या पाठीवरची वाळू झटकायला हात उचलला आणि सगळ्यांदेखत एवढ्या जोराचा धपाटा घातला की तो कळवळला. माणसं हसायला लागली. मला मात्र रडू आवरेना.